कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमधला घासलेटचा हिटर पहाटे तीनलाच का भडकतो?

संध्याकाळी पेटवला की निळा जळतो, रात्रभर कुरकुर नाही. पहाटे उठून पुन्हा भरला, लावला, की पंधरा मिनिटांत ज्योत पिवळी होते, वर चढते, काजळी धरते आणि वाटीच्या काठावरून आग खाली उतरते. ज्यांच्याकडं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्यात एका पावसाळ्यात हे चार वेळा झालं, आणि पहिल्या तिन्ही वेळा मी भलत्याच जागी हात घातला.

तुमचा हिटर आत्ता भडकलेला असेल तर मात्र वाचत बसू नका. पिळलेलं ओलं गोणपाट त्यावर टाका, खाली सांडलेल्यावर वाळू ओता. पाणी मारू नका, घासलेट पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पसरतं. आणि पेटलेला हिटर उचलून दाराकडं पळू नका. चालताना तेल हिंदकळतं आणि पहिलं पायावर येतं. शेड गेली तरी चालेल, तुम्ही बाहेर पडा.

शेड माझ्या भाच्याची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. जुलैत तिकडं झाड तारांवर पडलं की दोन-दोन दिवस लाईट नसते. पिल्लांचा पहिला आठवडा त्याच दिवसांत आला की पंचाईत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. बल्ब बंद पडले की पाचशे पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून घासलेटचा हिटर. आमच्या घरात घासलेट, पुण्याच्या पाव्हण्यांचं रॉकेल आणि इथल्या कानडी पाटीवरचं सीमेएण्णे, डबा एकच.

हिटरचं डिझाईन माझंच होतं, हे आधीच सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं लेथवर काढल्यावर माणसाला वाटतं आपल्याला सगळं येतं. दहा सेंटिमीटर व्यासाची पितळी वाटी, तिच्यात गोल वात, वर भोकांच्या पत्र्याच्या दोन नळ्या एकात एक, आणि वाटीत तेल सोडायला बाजूला दोन लिटरची पत्र्याची पालथी बरणी. बरणीचं तोंड वाटीत जेवढं बुडतं तेवढीच तेलाची पातळी राहते. वातीनं तेल ओढलं, पातळी उतरली, तोंड उघडं पडलं की एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच तेल बाहेर येतं. ही युक्ती मी शेडमधूनच उचलली होती. पिल्लांना पाणी प्यायला लाल थाळीवर पांढरी बरणी पालथी घालतात ना, तीच. पातळी कायम एक, म्हणून ज्योत कायम एक. मला फार अभिमान होता.

पहिल्या भडक्यानंतर भाच्याचा फोन आला.

"मामा, पेटलं की वो. वाटीतनं भायेर आलं."

"वात लई वर केल्तास काय?"

"न्हाई वो, उलट बारीकच ठेवल्ती."

मी वातीला दोष दिला. खडे बाजारातनं नवीन काकडा आणला, नीट कापून बसवला. एक रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा तीनला. मग मी घासलेटवर घसरलो. पेंटच्या दुकानातला थिनर मिसळलेलं असणार, असा माझा कयास. दोन थेंब कागदावर टाकून बघितले. पेट्रोल किंवा थिनर असेल तर डाग भराभर उडायला लागतो, निव्वळ घासलेटचा तेलकट डाग बराच वेळ राहतो. डाग हलला नाही. तरी डबा बदलला, आणि ती रात्रही बरी गेली. तिसऱ्यांदा पेटलं तेव्हा मी वाऱ्याला धरलं आणि पडदे आवळून बांधायला लावले. ही तिन्हीत सगळ्यात वाईट सूचना होती, त्यावर खाली लिहितो.

दोन बऱ्या रात्रींनी मला फसवलं. त्या रात्री वेगळं काय घडलं होतं हे मी विचारलंच नाही. नवी वात, नवं तेल म्हणून भाच्यानं पहाटे बरणी गळ्यापर्यंत भरली होती. एरवी तो पहाटे एकच लिटर घालायचा. सकाळी पत्र्यावर ऊन आलं की हिटर लागत नाही, मग उगाच कशाला भरायचं.

हे कळलं ते आक्कामुळं. चौथ्या भडक्यानंतर मी सकाळीच शेडवर गेलो. आक्का खुरप्यानं तूस उकरत होती. हिटरला लागून जे पाण्याचं भांडं होतं त्याच्याखालचं भाताचं तूस चिकट, काळं, ओलंचिंब. बाकी पंधरा भांड्यांखाली कोरडं ठणठणीत.

"ह्या एकाच भांड्याला काय झालंय गा? रोज तेवढंच वततंय. बदलून बघितलं तरी तेच. ओल्या तुसानं पिल्लास्नी हगवण लागंल."

भांडं बदललं तरी तेच, म्हणजे खोट भांड्यात नाही, जागेत. मी हात लावला. हिटरकडची बाजू कोमट नव्हे, चांगली गरम. आणि शेजारीच, अगदी तसंच पालथं घातलेलं, माझं पितळेचं आणि पत्र्याचं शहाणपण उभं होतं.

पालथ्या बरणीत तेलाच्या वर हवा असते, आणि ती कोंडलेली असते. कोंडलेली आहे म्हणूनच तेल थांबून राहतं. ही हवा तापली की फुगते, आणि फुगायला तिला एकच वाट, खालच्या तेलाला ढकलणं. हिशेब सोपा आहे. पहाटे अंगणातल्या कॅनमधलं घासलेट 20 अंशांवर होतं. एक लिटर तेल घातलं, म्हणजे वर एक लिटर गार हवा. बरणी ज्योतीपासून वीतभर अंतरावर, डोक्यावर पत्र्याची छत्री, सगळी आच अंगावर. ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या गोलाचा, थर्मामीटर मी नंतर बरणीच्या वरच्या अंगाला टेकवून ठेवला तर 47 दाखवला. आतली हवा 45 पर्यंत गेली असं धरा. 25 अंश वाढ, मूळ 293 केल्व्हिनवर (20 अंश अधिक 273), म्हणजे साडेआठ टक्के. एक लिटरला 85 मिली. हवा हलकी, ती दहा-बारा मिनिटांत तापते. तेवढ्या वेळात बारीक केलेली वात वीस-पंचवीस मिली पिते. उरलेलं साठ मिली जाणार कुठं? दहा सेंटिमीटरच्या वाटीत ते पाऊण सेंटिमीटर पातळी चढवतं, आणि माझ्या वाटीचा काठ नेहमीच्या पातळीच्या वर अर्धाच सेंटिमीटर होता.

रात्री नऊला हे का होत नाही? कारण तेव्हा बरणी काठोकाठ असते, हवा जेमतेम पन्नास मिली. ती तापून फुगली तरी चार मिली. तेलही तापल्यावर फुगतं, हे खरं, पण दोन लिटर तेल तापायला तासभर जातो, आणि तोवर वातीनं तीनशे मिली ओढलेलं असतं. पुढं बरणी रिकामी होत जाते तशी हवा बुडबुड्याबुडबुड्यानं आत येते आणि आली की लगेच तापते, एकदम ढकलत नाही. धोका फक्त एका घडीचा, अर्धी बरणी गार भरून गरम जागी ठेवली की पुढची पंधरा मिनिटं. त्यात वात बारीक असेल तर आणखीच, कारण पिणारं कोणी नाही. भाच्यानं वात बारीक ठेवली म्हणून त्याला मी निष्काळजी समजत नव्हतो, पण काळजीच नडली होती.

त्याला पटेना. म्हणून पाण्यावर करून दाखवलं, आणि ज्याला शंका असेल त्यानं पाण्यावरच करावं, तेलावर नाही. पिल्लांचं कोरं भांडं घेतलं, विहिरीच्या गार पाण्यानं अर्धं भरलं, पालथं घालून पाटावर ठेवलं. थाळीतलं पाणी काठाच्या जरासं खाली स्थिर झालं. मग आक्कानं कढत पाण्यात पिळलेला टॉवेल बरणीभोवती गुंडाळला. मिनिटभर काही नाही. मग पाणी काठाला आलं, काठावर फुगीर होऊन थरथरत राहिलं आणि एका बाजूनं घळकन उतरलं. टॉवेल काढला तशी बरणी गुडगुड करत हवा आत घ्यायला लागली. भाचा म्हणाला, "आयला, म्हंजे आपण धा दिवस वात कापत बसलो."

लगेच त्याची दुसरी कल्पना निघाली, आणि ती बऱ्याच जणांना सुचते म्हणून इथं थांबतो. "बरणीला वरनं बारीक भोक पाडूया, हवा जाईल." पालथ्या बरणीला वरून भोक पाडलं की सगळं तेल एका दमात वाटीत येणार. तिचं चालणंच हवाबंदपणावर आहे. कंदिलाचं वेगळं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी घरात वापरलाय त्यांना वाटेल, त्यात तर टाकी थेट ज्योतीखाली, तिला काही होत नाही. बरोबर, पण कंदिलाची टाकी तेल ढकलत नाही, वात स्वतः ओढते. आणि बऱ्याच जुन्या बर्नरांत वातीच्या पट्टीशेजारी टाकीला श्वास घ्यायला बारीक वाट ठेवलेली असते. ती काजळीनं बुजली असेल तर सुईनं मोकळी करा. गॅसबत्तीची टाकी तिसऱ्या जातीची. तिच्यात पंपानं मुद्दाम दाब भरतात, म्हणून ती जाड पितळेची आणि दाब सोडायला स्क्रू असतो. या तीन जातींची सरमिसळ करू नका. पातळ पत्र्याची टाकी घट्ट बंद करून वात लावणं म्हणजे गॅसबत्तीचा दाब आणि डालड्याच्या डब्याची ताकद.

आता जे मला जास्त लागलं ते. भारतीय मानकात घासलेटचा ज्वलनांक, म्हणजे वरची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते ते तापमान, 35 अंशांपेक्षा कमी नसावा असं आहे. आणि पिल्लांना पहिल्या आठवड्यात किती लागतं? 32 ते 35. मी तेलाची बरणी अशा जागी ठेवली होती जिथं तापमान मुद्दाम ज्वलनांकाजवळ आणलं जातं. जुलैतल्या गार घरात सांडलेलं घासलेट काडीनं सहसा लगेच पेटत नाही, म्हणून आपण त्याच्याशी बिनधास्त वागतो. ब्रूडरच्या गोलात ती सवय चालत नाही. शिवाय खाली तूस. तुसात झिरपलेलं तेल म्हणजे आयतीच वात, तिथं ज्वलनांकाचाही आधार नाही.

त्यामुळं दुरुस्ती एकच, बरणी गोलाबाहेर. बर्नरची वाटी आत राहिली. बाहेर, पिल्लांच्या पत्र्याच्या कडेपलीकडं, विटांच्या आडोशामागं एक दुसरी झाकणाची थाळी ठेवली आणि बरणी तिच्यात पालथी घातली. थाळी आणि वाटी दोन फूट तांब्याच्या नळीनं जोडली, दोन्हीतली पातळी एक. नळीवर बाहेरच्या बाजूला कॉक, म्हणजे भडकलं तर आगीजवळ न जाता तेल तोडता येतं. रबरी नळी वापरू नका, घासलेटानं साधं रबर फुगून मऊ पडतं. वाटीजवळचे सांधे ब्रेझिंगनं, म्हणजे पितळेच्या झाळणीनं, करा. कथलाचा डाग दोनशे अंशांच्या आसपास सुटायला लागतो, आणि तो सुटेल तो नेमका आग लागल्यावर.

याच्याहून महत्त्वाचं, पूर्वी मी न केलेलं काम म्हणजे ओव्हरफ्लो. वाटीला आणि थाळीला, नेहमीच्या पातळीच्या वर तीन-चार मिलिमीटरवर, एकेक भोक पाडून तिथनं खाली उतरती नळी काढली, गोलाबाहेर ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात. तेल काही कारणानं चढलंच तर काठावरून ज्योतीकडं न जाता डब्यात जाईल. डब्यात सकाळी तेल दिसलं तर समजायचं कुठंतरी चुकतंय. हिटर वाळूच्या परातीत, आणि परात स्पिरिट लेव्हल लावून. ती एका बाजूला कलली तर वरचा सगळा हिशेब वाया. माझ्या थाळीखाली एक कवडी सरकवायला लागली.

पहिल्या रात्री मात्र नवाच त्रास. ज्योत श्वास घेतल्यासारखी भक्… भक्… लहानमोठी होत होती. पुन्हा वात बदलायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मधे विटेवरून नेलेली नळी उंटाच्या पाठीसारखी झाली होती आणि उंचवट्यात हवा अडकली होती. तेल तिच्याशी मारामारी करत थोडं थोडं जात होतं. वीट फोडून नळी एकसारख्या उतारावर घेतली, कॉक उघडून हवा काढली. तेव्हापासून ज्योत शांत.

भरायची पद्धतही बदलली. हिटर विझवून, पूर्ण गार होऊ देऊन, बरणी बाहेर नेऊन भरायची, आणि भरायची तर पूर्ण. थोडंच लागणार असेल तर त्यासाठी एक लिटरची दुसरी बरणी केली, तीही काठोकाठ. अर्धी बरणी आमच्या शेडमध्ये आता नाही. पेटत्या हिटरात डब्यानं तेल ओतणारे लोक मी बघितलेत. त्यांना मी काय सांगणार.

पडदे आवळण्याचं सांगितलं होतं, ते माझं पाप. बंद शेडमध्ये घासलेट जळत राहिलं की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. भाचा त्याच शेडमध्ये बाजेवर झोपायचा. सकाळी डोकं जड म्हणायचा, मी म्हणायचो जागरण. पिल्लांनाही हवा कोंडली की पोटात पाणी होण्याचा रोग वाढतो. आता पडद्याचा वरचा भाग दोन्ही बाजूंनी हातभर उघडा असतो, वाऱ्याचा झोत फक्त खालून अडवलेला. भाचा बाहेर पडवीत झोपतो आणि गजर लावून उठून बघतो.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो म्हटल्यावर एक प्रश्न येतोच. घासलेट मिळेना, स्पिरिट घातलं तर? या हिटरमध्ये अजिबात नको. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, आणि त्याचा ज्वलनांक साधारण 13 अंश, म्हणजे जांबोटीच्या गारठ्यातही त्याची वाफ पेटायला तयार. वर दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझलं समजून माणूस पुन्हा ओततो आणि तिथं घात होतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं अल्कोहोलवर चालणाऱ्या कंदिलावर आणि स्टोव्हवर काम केलंय, त्यांत पाणी मिसळलेल्या अल्कोहोलचाही विचार आहे. पण ती साधनं त्या इंधनासाठी मुळापासून आखलेली. आपल्या वाटीत ओतून बघायची गोष्ट नव्हे. पेट्रोलचं नावच काढू नका. डिझेलनं लगेच भडका होणार नाही, पण वात दोन दिवसांत कोळसा होते आणि पिल्लं धुरानं शिंकायला लागतात.

भडका नसून नुसती पिवळी ज्योत आणि काजळी असेल तर घाबरू नका, ते वेगळं दुखणं. बहुतेक वेळा भोकांच्या नळ्या तिरक्या बसलेल्या असतात. काढून, भोकं ब्रशनं साफ करून सरळ बसवा. वात एका बाजूला उंच असेल तर तिकडचीच ज्योत जीभ काढते. विझवताना वास सुटतो तो कोणत्याच उपायानं पूर्ण गेला नाही. कॉक बंद करून वाटीतलं तेल जळू दिलं तर कमी होतो, पण त्यात वात करपते. मी वास सहन करतो.

आणि ज्यांना परवडतं, सिलिंडर वेळेवर मिळतो, त्यांनी गॅसचा ब्रूडर घ्यावा. मी स्वतःचंच डिझाईन विकायला बसलेलो नाही. भाच्याकडं पावसात रस्ता बंद झाला की सिलिंडर येत नाही, म्हणून हा कारभार.

नव्या बांधणीनंतर दोन बॅच निघाल्या. पहाटे तीनला भाचा अजून उठतो, ओव्हरफ्लोच्या डब्यात टॉर्च मारतो. एकदा त्यात चमचाभर तेल सापडलं. रात्री कोंबडीनं थाळीच्या झाकणावर उडी मारली होती.

पाण्याचं ते भांडं आक्कानं हिटरपासून चार हात लांब हलवलंय. खालचं तूस कोरडं आहे.